रानपिंगळ्याचा पत्ता

सुटी जवळ आली म्हणजे कोठे जावे ह्याविषयी घरोघर जी वाटाघाट चालते, ती यंदा आमच्या घरी नेहमीपेक्षा अधिक लांबली. धाकट्यांस डोंगर हवे होते. वडीलधाऱ्यांपैकी ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांस समुद्र हवा होता. आणि पक्षी मात्र सर्वांसच हवे होते. अखेरीस तडजोड अशी झाली की, थोडे डोंगर पायी चालावेत, थोडी बेटे होडीतून पाहावीत, आणि दोन्हीकडे जे पक्षी भेटतील त्यांची रीतसर नोंद ठेवावी. दुर्बीण, पाण्याच्या बाटल्या, चालावयाच्या वहाणा, औषधांची पुरचुंडी ह्यांची यादी तासाभरात झाली. पण जावयाचे कोठे, आणि कोणाच्या शब्दावर विसंबून जावयाचे, ह्या प्रश्नाने आम्हांस तीन आठवडे जुन्या कागदपत्रांत बसविले. त्या तीन आठवड्यांत जे हाती लागले, ते आमच्या नियोजित प्रवासापेक्षाही मनोरंजक वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे पूर्णा हे गाव भिवंडी तालुक्यात, ठाण्याहून भिवंडीस जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. आज त्याची ओळख सांगावयाची तर गोदामांवरून सांगावी लागते. शेजारच्या काल्हेर-कशेळीप्रमाणेच येथेही भातखाचरांच्या जागी पत्र्याची लांबच लांब छपरे उभी राहिली आहेत, आणि रात्रंदिवस मालमोटारींची रांग हलत असते. अशा गावाहून पक्षी पाहावयास निघणे हे प्रथमदर्शनी विचित्र दिसेल. परंतु नकाशा उघडून पाहिला असता आमच्यासारखे सोयीचे ठिकाण दुसरे नाही. कशेळीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की माणूस साष्टीवर, म्हणजे एका बेटावरच, पाऊल ठेवतो. रोज नोकरीस ठाण्याला जाणारे आमचे शेजारी सकाळी बेटावर जातात व सायंकाळी मुख्य भूमीवर परततात. त्यांस ह्याची जाणीव नसते एवढेच. ठाण्याच्या खाडीत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीस रामसर करारात स्थान मिळाले. दुसऱ्या अंगास, एका दिवसाच्या अंतरात, माहुलीचा किल्ला व तानशाचे रान आहे. म्हणजे डोंगर आणि बेट ह्या दोहोंच्या मध्ये आम्ही नित्य बसलेलेच आहो.

ह्या दोहोंची जोड घालून पक्ष्यांच्या मागे हिंडण्याचा पद्धतशीर उद्योग आपल्या देशात ज्यांनी मांडला, त्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ह्यूमसाहेब आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक आहेत. मुंबईत १८८५ च्या डिसेंबरात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाची हकीकत पाठ नाही असा विद्यार्थी विरळा. परंतु त्याच्या आधीची पंधरा-वीस वर्षे हा गृहस्थ मनाने राजकारणात नव्हता, पाखरांत होता. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले, आणि हिंदुस्थानभर विखुरलेले कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर, वनाधिकारी ह्यांस पत्रे लिहून लिहून एक मोठे जाळे विणले. त्यांतील प्रत्येकाने आपापल्या मुलुखातील पक्ष्यांच्या कातड्या, अंडी व टिपणे सिमल्यास पाठवावीत असा क्रम असे.

ह्यूमसाहेबांच्या दोन समुद्रयात्रा आमच्या विशेष कामाच्या. १८७३ च्या मार्चमध्ये ते अंदमान-निकोबारकडे गेले. बरोबर भूगर्भशास्त्रज्ञ स्टोलिच्का व व्हॅलेंटाईन बॉल होते. पुढच्याच वर्षी हा स्टोलिच्का यारकंदच्या मोहिमेहून परतताना लडाखच्या उंच वाटेवर विरळ हवेने मरण पावला. बेटे आणि पर्वत ह्या दोहोंचे सुख एकाच माणसास लागोपाठ लाभले व त्याचे मोलही त्यास द्यावे लागले, हे वाचताना आमच्या यादीतील औषधांच्या पुरचुंडीकडे आम्ही जरा गंभीरपणे पाहू लागलो. दुसरी यात्रा १८७५ सालची. त्या वेळी ‘क्लाइड’ नावाच्या सरकारी जहाजातून ह्यूमसाहेब लक्षद्वीपकडे गेले, आणि परतल्यावर लक्षद्वीप व पश्चिम किनारा ह्यांवर त्यांनी विस्तृत लेख लिहिला. जहाज निघाले होते दीपस्तंभांच्या जागा पाहण्यासाठी. साहेबांनी त्या सरकारी कामाच्या पोटात आपली पक्षियात्रा बसवून घेतली. सरकारी भत्त्यावर देवदर्शन उरकणारे कारकून आम्ही पाहिले आहेत. पण ज्याच्या परतीच्या सामानात पुढील शंभर वर्षांस पुरेल एवढी माहिती असते, त्यास त्या वर्गात घालणे अन्यायाचे होईल.

ह्या दोन यात्रांच्या दरम्यान, १८७४ साली, ह्यूमसाहेबांनी पक्षिसंग्राहकांसाठी एक छोटेसे मार्गदर्शक पुस्तक काढले. कातडी कशी सोडवावी, कशी भरावी, अंडी कशी बांधावीत असा त्याचा व्यावहारिक विषय. त्या काळी पक्षी ‘पाहणे’ म्हणजे बंदुकीने पाडणे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पनाही नव्हती, आणि ‘पाडलेला पक्षी खरा, पाहिलेला पक्षी संशयाचा’ असा न्याय होता. परंतु ह्या सगळ्या उद्योगात खरे मोल पिसांचे नव्हे. प्रत्येक नमुन्याच्या पायास दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर गाव, तारीख व संग्राहकाचे नाव असते, आणि ती चिठ्ठी गेली की उरते ती केवळ कापूस भरलेली कातडी. पुढे जी कथा आम्ही सांगणार आहो, ती सारी ह्या बोटभर चिठ्ठीची कथा आहे.

ह्यूमसाहेबांच्या कागदांची अखेर मात्र दुःखद झाली. सर्व हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमविली होती. १८८५ च्या सुमारास, ते सिमल्यास नसताना, घरातील एका नोकराने ते हस्तलिखितांचे गठ्ठे बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. त्या धक्क्याने साहेबांचा ह्या विषयातील रस संपला. आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि ते राजकारणाकडे वळले. रद्दी विकणाऱ्या त्या अनामिकाचे राष्ट्रीय सभेवर किती उपकार आहेत हे कोणी मोजलेले दिसत नाही. असो.

ह्या संग्रहात एक लहानसे घुबड होते. १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थाने छत्तीसगडाकडील फुलझरच्या बाजूस ते मिळविले, आणि पुढील वर्षी ह्यूमसाहेबांनी त्यास नवी जात ठरवून ब्लेविटचे नाव दिले. मराठीत त्यास आता रानपिंगळा म्हणतात. आपल्या गावठाणातील नेहमीचा पिंगळा तो हा नव्हे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट पसरलेले असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ निर्मळ, आणि पंख व शेपटी ह्यांवरील पट्टे ठळक. शिवाय तो उन्हात, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसतो. एवढे दिसण्यास सोपे असूनही एकोणिसाव्या शतकात त्याचे एकूण सातच नमुने मिळाले. त्यांतील एक अंदमानच्या यात्रेतील वर उल्लेखिलेल्या बॉलने १८७७ साली खरियारकडे मिळविला होता. आणि मराठी वाचकांस ज्यांचे अगत्य वाटेल ते खानदेशातील नमुने जेम्स डेव्हिडसन (१८४९–१९२५) ह्याचे.

डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी. त्याने वेंडन नावाच्या रेल्वेतील अधिकाऱ्याच्या सहकार्याने १८७८ साली दख्खनच्या पक्ष्यांची एक कच्ची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली, पुढे तो कारवारकडे गेला व तेथील पक्ष्यांवरही त्याने लिहिले. ह्या वर्गाच्या माणसांस ‘सुटीचा प्रवास’ आखावा लागतच नसे. पाऊस सरला की कलेक्टराने तंबू, घोडे व गाड्या घेऊन जिल्हाभर दौरा करावा, सकाळी जमाबंदीचे दप्तर पाहावे, आणि उरलेला वेळ ज्याचा त्याने आपल्या छंदात घालवावा, हा राज्यकारभाराचाच भाग होता. डेव्हिडसन शहादा-तळोद्याच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडला आणि १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत तेथील रानपिंगळे त्याने ह्यूमसाहेबांच्या संग्रहास पुरविले. त्याच्या चिठ्ठ्या बिनबोभाट खऱ्या होत्या. एकच उणीव आम्हांस खटकते, आणि ती एकट्या डेव्हिडसनची नव्हे. त्या रानात साहेबांस वाट दाखविणारा, कोणत्या झाडावर काय बसते हे सांगणारा जो कोणी भिल्ल असेल, त्याचे नाव अशा चिठ्ठीवर बहुधा येत नसे.

१८८४ नंतर रानपिंगळा खात्रीलायकपणे कोणास दिसला नाही. आणि येथे चिठ्ठीचे दुसरे रूप पुढे येते.

कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) हा ब्रिटिश सेनाधिकारी, हेर आणि पक्षिशास्त्रज्ञ म्हणून विख्यात होता. त्याने सुमारे वीस हजार पक्ष्यांचा खासगी संग्रह जमविला व तो १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर साल होते १९१४, महिना ऑक्टोबर, आणि गाव मांडवी, तापीकाठचे, हल्लीच्या सुरत जिल्ह्यातील. ह्या एका चिठ्ठीने दोन गोष्टी घडल्या. रानपिंगळ्याचे अखेरचे दर्शन तीस वर्षे अलीकडे आले, म्हणून अभ्यासकांस धीर आला. आणि त्याचा अखेरचा पत्ता मांडवी हा ठरला. पुढे ज्यांनी ज्यांनी हा पक्षी शोधावयाचे मनावर घेतले, त्यांनी साहजिकच सर्वांत ताजा पत्ता हाती धरला. सगळ्या खटाटोपाचे फळ शून्य. पक्षी नामशेष झाला असावा असे पुस्तकांतून लिहिले जाऊ लागले.

खोटे बोलणाऱ्याच्या खोट्याने जो फसतो त्याचे नुकसान आपण मोजतो. पण येथे फसलेले सर्व लोक जाणते होते. सलीम अली (१८९६–१९८७) स्वतः १९३७ साली ह्याच मायनर्ट्झहागेनबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांसाठी हिंडले होते. प्रवासात महिनेच्या महिने शेजारी झोपणाऱ्या माणसाची चिठ्ठी खरी की खोटी हे सोबत्यास कळत नाही, तर शंभर वर्षांनी ती वाचणाऱ्यास कसे कळावे? वस्तुतः म्युझियममधील लोकांस संशय नव्हता असे नाही. नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याबद्दल त्यास पूर्वी एकदा पक्षिविभागात येण्याची मनाईही झाली होती. परंतु त्याची कीर्ती, त्याचे घराणे, त्याचे मोठमोठे मित्र ह्यांमुळे गोष्ट दबून राहिली. आपल्याकडेही थोर माणसाच्या वहीवर शंका घेणे हा उद्धटपणा समजला जातो. तेव्हा ह्या बाबतीत इंग्रजांस हसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही.

ही गाठ सोडविली पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने. दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील एका ग्रंथाच्या कामासाठी तिने जगातील रानपिंगळ्याचे सर्व नमुने तपासावयास घेतले. प्रत्येक संग्राहकाची कातडी सोडविण्याची, भरण्याची व शिवण्याची एक धाटणी असते. हस्ताक्षरासारखीच ती लपत नाही. मांडवीचा म्हणविणारा पक्षी वरून निराळा दिसत होता, पण क्ष-किरणांखाली त्याच्या आतून डेव्हिडसनची धाटणी निघाली. अर्थ उघड होता. खानदेशातून डेव्हिडसनने पाठविलेला, ह्यूमच्या संग्रहातून म्युझियममध्ये गेलेला नमुना मायनर्ट्झहागेनने तेथून उचलला, त्याची जुनी चिठ्ठी काढून टाकली, कातडी उसवून नव्याने भरली, आणि आपले गाव व आपली तारीख लावून, स्वतःची मिळकत म्हणून पुन्हा त्याच म्युझियमला दान केली. रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनी ही हकीकत १९९९ साली सप्रमाण प्रसिद्ध केली.

परंतु लेख छापण्यापूर्वीच तिने त्यातून जे अनुमान काढले, ते प्रवास आखणाऱ्या प्रत्येकाने शिकण्यासारखे आहे. मांडवी खोटी, तर ती यादीतून खोडावी. उरले जुने, कोणी फारसे न विचारलेले पत्ते, म्हणजे पूर्वेकडील फुलझर-खरियार आणि पश्चिमेकडील शहादा-तळोदा. १९९७ च्या नोव्हेंबरात ती, बेन किंग व डेव्हिड ॲबट अशी तिघे निघाली. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हाती काही लागले नाही. मग ती खानदेशात आली. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा उन्हात बसलेला होता. ११३ वर्षांनी! कलेक्टराची जुनी चिठ्ठी अक्षरशः खरी ठरली. ज्या तालुक्यात त्याने पक्षी पाहिला होता त्याच तालुक्यात तो होता. तेथील लोकांच्या दृष्टीने तो कोठे गेलाच नव्हता. हरवले होते ते पुस्तकवाल्यांचे लक्ष.

ह्यानंतर तोरणमाळ, मेळघाट इत्यादी ठिकाणी त्याच्या जागा क्रमाक्रमाने कळत गेल्या. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात तो आढळला तानशाच्या अभयारण्यात!

ही ओळ वाचली तेव्हा आमच्या घरातील संभाषण काही वेळ थांबले. तानसा म्हणजे आमचा शेजार. तेथील तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी पुरवितो आणि त्याच्या प्रचंड जलवाहिन्या आमच्याच तालुक्यातून मुंबईकडे जातात. त्या नळांवरून चालत जाणारी मुले आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. वज्रेश्वरीच्या दर्शनास, गणेशपुरीच्या उन्हाळ्यांत स्नानास आम्ही किती वेळा गेलो असू, त्यास गणती नाही. तेथून पलीकडच्या सागाच्या रानात, ज्यास जगाने नामशेष म्हणून सोडून दिले होते तो पक्षी बसलेला असू शकेल, हे आमच्या स्वप्नीही आले नव्हते. आमच्या आत्या, ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, त्या मात्र मुळीच आश्चर्यचकित झाल्या नाहीत. “अरे, पिंगळा दिवसा बोलतो म्हणून आमच्या वेळी लाकडं आणणाऱ्या बायका सांगायच्या. तुम्ही कोणी कधी विचारलंत का?” असे त्या म्हणाल्या. त्या बायकांचा पिंगळा तो साधा की रानातला हे आता ठरविण्यास साधन नाही, आणि आत्यांची साक्ष पक्षिशास्त्रात चालणारही नाही. परंतु ‘विचारलंत का’ हा प्रश्न आमच्या मनास लागून राहिला. पहाटे दारी येऊन, पिंगळ्याची भाषा कळते असे सांगत भविष्य बोलणारा पिंगळा जोशी आपल्या भारुडांतून व लोकजीवनातून शतकानुशतके हिंडत आला आहे. ज्या समाजाने एका पाखराच्या बोलीवर एक वृत्ती उभारली, त्या समाजाने त्या पाखराच्या दोन जाती वेगळ्या लिहून ठेवू नयेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

लिहून ठेवण्याचे हे काम आपल्या लोकांनी केलेच नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्गेतिहास संस्थेच्या आधाराने सलीम अलींनी १९३१ पासून हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांची पक्षिगणती केली. त्यांची अट मोठी चमत्कारिक होती. वेतन नको, तंबू, गाड्या व शिधा ह्यांचा खर्च तेवढा द्यावा. पत्नी तेहमिनाबाई तळावर बरोबर असत. १९४५ साली ते पायी कैलास-मानसरोवरास गेले, तेही यात्रेकरूंच्या वाटेने पण पक्ष्यांसाठी. आमच्या नव्या पिढीस पुण्यसंचयाचा हा मार्ग पटण्यास हरकत नसावी. आणि मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी वनाधिकारी म्हणून रानात आयुष्य काढून, ज्यांची नावे साहेबांच्या चिठ्ठ्यांवर येत नव्हती अशा वनवासी लोकांकडून पक्ष्यांची नावे व समजुती गोळा केल्या. आत्यांच्या प्रश्नास आमच्या भाषेने दिलेले उत्तर ते हेच.

आता बेटांकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावर आम्ही निवडली ती वेंगुर्ल्याची खडकाळ बेटे. निवतीच्या समोर समुद्रात दीपस्तंभासह ती उभी आहेत. तेथील गुहांच्या काळोखात पाकोळ्यांची वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेने घरटे सांधतो, आणि त्या घरट्यांचे सार पूर्वेकडील देशांत मोठ्या किमतीचे पक्वान्न समजले जाते. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) ह्यांनी गेल्या शतकातील चाळीसच्या दशकाच्या आरंभी ह्या बेटांवरील सुरय व पाकोळ्या ह्यांविषयी लिहिले. ते लेखन वाचून आम्हांस तेथे जाण्याची उत्कंठा लागली. परंतु पुढचे कागद वाचून ती बरीच उतरली. ह्या शतकाच्या आरंभी असे उघडकीस आले की, ह्या गुहांतून घरटी चोरून नेली जात आहेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ ह्या संस्थेने तेव्हा त्या वसाहतीच्या संरक्षणाचे काम हाती घेतले.

येथे आमच्या सरळ विचारास एक आढी पडली. इतका वेळ आम्ही खऱ्या पत्त्याची थोरवी गात होतो: डेव्हिडसनने गाव खरे लिहिले म्हणून पक्षी सापडला, मायनर्ट्झहागेनने खोटे लिहिले म्हणून तो हरवला. पण पाकोळीच्या घरट्याचा खरा पत्ता चोरासही तितकाच उपयोगी पडतो. आणि रानपिंगळ्याचे काय? पूर्वी चिठ्ठी लंडनच्या कपाटात पडून राही. आज एका झाडाचा ठावठिकाणा खिशातील यंत्रावरून घटकाभरात सहस्र लोकांपर्यंत जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग लागते. पिल्ले असलेल्या पक्ष्यास ही भक्तमंडळी शिकाऱ्याइतकीच जाचक होते. आमच्यातील धाकट्यांचे मत पडले की, माहिती लपविणे म्हणजे पुन्हा मायनर्ट्झहागेनच्याच पंक्तीस बसणे होय. थोरल्यांचे म्हणणे, न सांगणे आणि खोटे सांगणे ह्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. वाद रात्री उशिरापर्यंत चालला. आमचे स्वतःचे मत थोरल्यांकडे झुकते. पण धाकट्यांच्या म्हणण्यातील टोच आम्ही अमान्य करीत नाही. कारण ‘योग्य माणसास तेवढे सांगू’ असे म्हणणारा कोणास योग्य ठरवील ह्याचा नेम नसतो, आणि रासमुसेनबाई शहाद्यास पोचल्या त्या अनोळखी माणसाने अनोळखी वाचकासाठी लिहून ठेवलेल्या गावाच्या नावावरूनच.

शेवटी ठरले ते असे. वहीत प्रत्येक नोंद पूर्ण व खरी करावयाची: तारीख, वेळ, गाव, झाडाची जात, पक्षी काय करीत होता, आणि कोणी दाखविला त्याचे नाव, त्याची संमती असल्यास. घरट्याचे नेमके स्थळ कोठेही प्रसिद्ध करावयाचे नाही. गावापुरते सांगावे, आणि तपशील वनखात्यास कळवावा. जे ओळखता आले नाही त्यापुढे ‘ओळखले नाही’ असे लिहावयाचे. ही अट सर्वांत कठीण आहे, हे वहीचे पहिले पान भरतानाच ध्यानात आले.

ऋतूचा प्रश्न मात्र वादाने सुटण्यासारखा नव्हता. सागाची पाने गळाल्यावाचून रानात उघडी फांदी दिसत नाही. म्हणून तानसा व माहुली ही माघ-फाल्गुनात. बेटांवरील पाकोळ्यांची वीण उन्हाळ्यात, आणि त्यानंतर आषाढ-श्रावणात समुद्र कोणास जवळ करीत नाही. म्हणजे वेंगुर्ल्यास जावयाचे तर वीण सुरू होण्यापूर्वी, थंडीतच जावे, होडी गुहांपासून दूर ठेवावी, आणि बेटावर पाय ठेवू नये. पाकोळ्या अन्नासाठी बाहेर पडतात तेव्हा होडीतून जेवढ्या दिसतील तेवढ्यांवर समाधान मानावे. तेव्हा एका सुटीचे दोन तुकडे झाले: पौषात कोकण रेल्वेने कुडाळापर्यंत व तेथून किनाऱ्याने पायी, आणि माघ सरता सरता घराहून वज्रेश्वरीमार्गे तानशाच्या बाजूस. अभयारण्यात शिरण्यापूर्वी परवानगी काढावयाची, आणि वाटाड्या तेथलाच, ठाकूर वा वारली वस्तीतला, रीतसर मजुरी देऊन घ्यावयाचा. माहुली चढावयाची की नाही हे गुडघ्यांच्या त्या दिवशीच्या मतावर सोडले आहे. १६३६ च्या धामधुमीत शहाजीराजांनी ज्या किल्ल्याचा आश्रय घेतला, तो खालून पाहूनही पाहिल्यासारखा होतो, असे आमच्यातील एका पक्षाचे आताच म्हणणे पडले आहे.

वही आणली आहे. जाड पुठ्ठ्याची, रेघा आखलेली. तिचे पहिले पान प्रवास सुरू होण्यापूर्वीच भरले. आत्यांनी खिडकीतून हाक मारून सर्वांस बाहेर बोलाविले, तेव्हा समोरच्या गोदामाच्या पत्र्याच्या कडेवर, मालमोटारींच्या दिव्यांच्या उजेडात, पिंगळ्यांची एक जोडी बसली होती. साधे पिंगळे, डोक्यावर ठिपके स्पष्ट होते. गाव पूर्णा, वेळ सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे, दाखविणार आत्या, असे धाकट्याने लिहिले. आणि आत्यांची संमती विचारावयास तो पुन्हा आत गेला.